१२ बोअरच्या नळीत घट्ट बसलेले शिसे कसे काढावे

प्रश्न थोडक्यात असा: १२ बोअरची जुनी दुनळी बंदूक, २८ इंची नळ्या, बरीच वर्षे फेल्टच्या डाटीची (दारू आणि छऱ्यांच्या मधल्या गादीची) काडतुसे वापरलेली. रॉकेल लावून ब्रश मारला तरी चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) पुढे वीतभर लांबीत आणि चोकच्या, म्हणजे नळीच्या शेवटच्या अरुंद भागाच्या, तोंडाशी शिशाच्या करड्या रेघा तशाच राहतात. कोणी पारा ओतायला सांगतो, कोणी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, कोणी नळी बाहेरून तापवायला. यातले काय करावे?

यातले काहीच करू नका. हे शिसे विरघळवायचे नसते, सुटे करायचे असते. बाजारात मिळणारे बहुतेक बोअर सॉल्व्हंटसुद्धा शिसे विरघळवत नाहीत. दारूची काजळी ते विरघळवतात, शिशाच्या पापुद्र्याखाली शिरतात आणि त्याची पकड सैल करतात. पुढचे काम ब्रशचे आणि घासणीचे. म्हणून रॉकेल लावून लगेच ब्रश मारला की काही होत नाही, आणि तेच रॉकेल रात्रभर मुरू दिले की सकाळी चिंधीवर चंदेरी कण दिसू लागतात.

शिसे नेमके त्याच दोन जागी का बसते, हे कळले की अर्धे काम सोपे होते. १२ बोअरच्या नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर आणि चेंबरच्या पुढच्या टोकाचा साधारण २०.३. या दोन मापांच्या मधला जो उतार आहे त्याला फोर्सिंग कोन म्हणतात. जुन्या बंदुकांत हा उतार आखूड असतो. काडतूस उडाले की छऱ्यांचा गठ्ठा मागच्या दाबाने चेपला जातो आणि त्याच क्षणी या अरुंद जागेत ढकलला जातो. बाहेरच्या थरातले छर्रे पोलादावर घासत पुढे जातात. पुढे चोकपाशी पुन्हा तेच, कारण फुल चोकमध्ये नळी जवळजवळ १ मिलिमीटरने अरुंद होते. कठीणपणाच्या मोहच्या मापाने, म्हणजे १ ते १० च्या मोजपट्टीवर, शुद्ध शिशाचा आकडा दीड. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ धातू पोलादावर असा दाबून घासला तर पेन्सिलीसारखी रेघ उमटणारच. अँटिमनी मिसळलेले कठीण छर्रे कमी घासतात. १९६० च्या दशकापासून छऱ्यांभोवती प्लास्टिकचा पेला असलेल्या डाटी आल्या, तेव्हापासून ही तक्रार बरीच कमी झाली. पण फेल्टच्या किंवा पुठ्ठ्याच्या डाटीत छर्रे उघडेच असतात. 

दर फैरीनंतर आधीच्या शिशावर काजळी बसते, काजळीवर पुन्हा शिसे. घट्ट बसलेले शिसे म्हणजे एक पापुद्रा नव्हे, भजीच्या कढईच्या बाहेरच्या थरासारखे अनेक पापुद्रे असतात. ते एका बैठकीत निघत नाहीत, आणि काढायचा हट्ट केला की माणूस हत्यार चुकीचे निवडतो.

आता ते तीन उपाय. पाऱ्यात शिसे मिसळते हे खरे, जुन्या काळी लोक ते करत. पण पारा साध्या तापमानालाही वाफ सोडतो, ती वाफ दिसत नाही, वास येत नाही, आणि फरशीच्या फटीत गेलेला पारा महिनोन् महिने घरात राहतो. शिवाय दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात, आणि पाऱ्यात कथीलही मिसळते. सांडलेला पारा जोडात गेला तर नळ्यांची जोडणीच पोखरली जाईल. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचे मिश्रण शिशाचे ॲसिटेट बनवते. घन शिशापेक्षा हे जास्त वाईट, कारण ते पाण्यात विरघळते, बोटांवरून, चिंधीवरून सहज पोटात जाते. नळीच्या बाहेर एक थेंब ओघळला तरी निळा मुलामा उडतो, आणि मिश्रण आत जास्त वेळ राहिले तर पोलादावर डाग पडतात. तापवण्याचा सल्ला सर्वांत घातक. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासूनच मऊ पडू लागतो. म्हणजे नळीतले शिसे हलायच्या कितीतरी आधी मधली पट्टी सुटेल. एका सुटलेल्या पट्टीसाठी सगळा डाख काढून दोन्ही नळ्या पुन्हा जुळवाव्या लागू शकतात, आणि ते काम जमणारे कारागीर फार थोडे उरले आहेत.

सुरुवात नेहमीची: काडतुसे वेगळ्या खोलीत, दोन्ही चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेली, नळ्या दस्त्यापासून सुट्या. पंप ॲक्शन (पुढची मूठ मागेपुढे सरकवून भरायची) बंदूक असेल तर मॅगझिनची, म्हणजे जादा काडतुसांची, नळीही रिकामी करून मगच बॅरल काढा. नंतर रॉकेलची एक ओली चिंधी, एक कोरडी चिंधी फिरवून नळी उजेडाकडे धरा. नळीतून सरळ न पाहता नळी किंचित तिरकी धरून, दोन्ही टोकांकडून पाहा. सरळ पाहिले की आतली चमक सगळे झाकते.

दिसेल ते चार प्रकारचे असू शकते. शिसे म्हणजे लांबीच्या दिशेने गेलेल्या, कडा अस्पष्ट असलेल्या, मळकट करड्या रेघा. ब्रश मारला की त्या थोड्या चकाकतात. प्लास्टिकचा थर पांढुरका, किंचित पारदर्शक, आणि निघताना सालासारखा निघतो. गंज तांबूस, चिंधीवर विटकरी रंग सोडतो. चौथा प्रकार म्हणजे खड्डे: काळे, कडा तीक्ष्ण, कितीही घासले तरी जागेवर आणि काळेच. हा फरक आधी करा, कारण खड्ड्यांना शिसे समजून घासत राहिलात तर शेवटी नळीच पातळ होते.

सामान फारसे लागत नाही. नळी साफ करायचा चांगला गज, शक्यतो एकसंध. तीन तुकड्यांच्या गजाचे आटे सैल असतील तर जोडापाशी तो वाकतो आणि नळीच्या भिंतीला घासतो. फॉस्फर ब्राँझचे १२ बोअरचे दोन ब्रश, त्यातला एक नवा. ब्रशचे केस झिजून व्यास कमी झाला की तो नुसता फिरतो, काढत काही नाही. ढकलताना हाताला जोर लागत नसेल तर तो ब्रश १२ बोअरसाठी संपला, पण टाकू नका, पुढे लागेल. जुन्या सुती बनियनच्या ३ इंची चौकोनी चिंध्या ३०-४०. शुद्ध तांब्याची भांड्यांची घासणी. चार शून्यांचे, म्हणजे ०००० नंबरचे स्टील वूल, लाकडाला पॉलिश करणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते. चेंबरला बसेल असा रबरी बूच. नायट्राइलचे हातमोजे.

तांब्याची घासणी विकत घेताना लोहचुंबक खिशात ठेवा. बाजारातल्या तांबूस घासण्यांपैकी बऱ्याच लोखंडी तारेवर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. लोहचुंबक चिकटले की ती नळीत घालायची नाही. तांबे पोलादापेक्षा मऊ आणि शिशापेक्षा कठीण, त्याचा सगळा उपयोग याच एका गोष्टीत आहे: ते शिसे खरवडते आणि नळीला काही करत नाही.

भिजवण्यासाठी रॉकेल पुरते. ज्यांना मिळत नाही त्यांनी गंजलेले नट सोडवायचे पेनिट्रेटिंग तेल वापरावे. घरी बनवायचे मिश्रण हवे असेल तर एड्स रेड नावाने प्रसिद्ध असलेले घ्या: रॉकेल, रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन आणि गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरचे तेल, तिन्ही समान भाग. मूळ कृतीत चौथा समान भाग ॲसिटोनचा असतो. शिशासाठी त्याची गरज नाही, आणि दस्त्याच्या पॉलिशवर पडले तर पॉलिश उतरते, म्हणून ते वगळलेलेच बरे. सगळे ज्वालाग्राही आहे. गॅस, निरांजन, विडी, काहीही जवळ नको.

चेंबरमध्ये बूच घट्ट बसवून नळ्या तोंड वर करून कोपऱ्यात, खाली परात ठेवून उभ्या करा. दुनळीत एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस बाहेर सरकवणारी) पट्टी मध्ये येते. ती काढता येत असेल तर काढा, नाहीतर बूच तिच्यावरून आत जाईल असा निवडा. ७० मिलिमीटरच्या चेंबरला साधारण २३ मिलिलिटर आणि पुढच्या १५ सेंटिमीटर नळीला ४० मिलिलिटर लागते, म्हणजे एका नळीला ६५ मिलिलिटर. पूर्ण नळी भरायची तर सुमारे २०० मिलिलिटर लागेल, पण त्याची गरज नाही, शिसे तळाच्या भागातच आहे. २४ तास तसेच ठेवा. चोकसाठी वेगळी युक्ती: तेलात भिजवलेली चिंधी चोकच्या भागात घट्ट ठोसून ठेवा आणि तोंडावर प्लास्टिक बांधा, म्हणजे तेल उडणार नाही. सुटा चोक असेल तर तो काढून बाटलीत बुडवा. त्याच्या आट्यांमधले शिसे आणि काजळी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा. आट्यांत शिसे राहिले की चोक पूर्ण बसत नाही, त्याची मागची कड नळीत किंचित उघडी पडते आणि फैरीचा मारा त्या कडेवर येतो.

दुसऱ्या दिवशी तेल एका बाटलीत ओतून घ्या. ते तेल पुन्हा वापरू नका, त्यात शिसे आहे. आता नवा ब्राँझ ब्रश, चेंबरच्या बाजूने, २० पूर्ण फेऱ्या. ब्रश दुसऱ्या टोकातून पूर्ण बाहेर आला की मगच परत ओढायचा. नळीच्या मध्ये दिशा बदलली की केस उलटे मुडपतात आणि मोडतात. मग ओली चिंधी, कोरडी चिंधी, पुन्हा तिरपा उजेड. वरचा मऊ थर आणि काजळी इथेच निघते. खालचा थर नुसत्या ब्रशने निघणार नाही, म्हणून ब्रशच्या फेऱ्या शंभरावर नेऊन दम काढण्यात अर्थ नाही.

खरे काम पुढच्या टप्प्यात. झिजलेल्या ब्रशवर तांब्याच्या घासणीच्या पट्ट्या गुंडाळा, तेलात बुडवा आणि आत घाला. घट्टपणा इतका हवा की गज दोन्ही हातांनी नेटाने ढकलावा लागेल, पण हातोडी मारावी लागणार नाही. एका हाताने सहज जात असेल तर आणखी एक पट्टी गुंडाळा. आता चेंबरच्या पुढच्या १५ सेंटिमीटरमध्ये लहान लहान फेऱ्या, ३०-४०, गज थोडा थोडा फिरवत. इथे दिशा मध्येच बदलली तरी चालते, कारण काम केसांचे नाही, घासणीचे आहे. नंतर चिंधी. तिच्यावर करडी चिकट पूड आणि मधूनच चंदेरी फोलपटे दिसली तर समजा योग्य जागी लागते आहे. दोन फेरे झाले की घासणी बदला. शिशाने भरलेली घासणी शिसे काढत नाही, नुसते पसरवते. आणि तेल कधीही सुकू देऊ नका. कोरडे घासले की शिशाची धूळ उडते, तीच सर्वांत आधी श्वासात जाते.

असे तीन फेरे करूनही रेघा राहिल्या तर पुन्हा २४ तास भिजवा. लोक इथेच घाई करतात. दुसऱ्या भिजवण्यानंतर जे निघते ते पहिल्या दिवशी दुप्पट घासूनही निघाले नसते. तेवढ्यानेही पुरले नाही तर मग स्टील वूल, तेच तंत्र, ०००० नंबरचेच, तेलात भिजवून, २० फेऱ्या. नळीला आतून क्रोमचा मुलामा असेल तरी याने तो जात नाही. जाड नंबरचे स्टील वूल, पॉलिश पेपर, खरखरीत पेस्ट हे हाताने कधीही नको. भांडी उजळवायचे धातूचे पॉलिश शेवटचा हात म्हणून चालते, चिंधीवर वाटाण्याएवढे, दहा फेऱ्या, आणि नंतर रॉकेलने पूर्ण धुऊन. त्यातली घासणारी पूड पोलादही झिजवते.

ड्रिल मशीनला गज लावून काम लवकर होते. पण मशीन वेग बदलता येणारे हवे आणि वेग हळू, मिनिटाला ३००-५०० फेरे. फिरता गज एका जागी थांबवायचा नाही, सतत मागे-पुढे. चोकमध्ये ड्रिल नको. आटे असलेल्या चोकमध्ये तर मुळीच नको. आणि एक सावधगिरी: स्टील वूलला मोटारीची किंवा बॅटरीची ठिणगी लागली तर ते पेट घेते, इथे तर ते रॉकेलात भिजलेले आहे. ड्रिलला स्टील वूल लावूच नये, तांबेच लावावे.

थांबायचे कधी? सलग दोन चिंध्यांवर करडे काही आले नाही की थांबा, आत काही खुणा दिसत असल्या तरी. त्या खुणा खड्डे असतील किंवा मूळच्या रेघा. अगदी पुसट शिशाची झाक बंदुकीचे काही बिघडवत नाही. जाड थर मात्र दोन कारणांनी काढलाच पाहिजे: छऱ्यांचा फैलाव त्याने बिघडतो, आणि त्याच्या खाली ओल अडकते. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात बंदूक तशीच टांगून ठेवली की शिशाच्या पापुद्र्याखाली गंज खात बसतो आणि वरून दिसत नाही. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात बंदूक जमा करावी लागू शकते, तिथे ती आठवडेच्या आठवडे हाताळली जात नाही. जमा करण्याच्या आधीच हे काम उरकून आत-बाहेर तेलाचा हात द्या.

शिसे निघाल्यावर खड्डे दिसले तर घासून ते बुजत नाहीत. नळी मोठी करूनच ते जातात, आणि तसे करताना भिंत पातळ होते. लंडन किंवा बर्मिंगहॅमचे प्रूफ (दाबाच्या चाचणीची मोहर) असलेल्या जुन्या इंग्रजी नळ्यांवर बोअरचे माप ठोकलेले असते. त्या मापापेक्षा नळी ०.०१० इंचांहून जास्त मोठी झाली की ते प्रूफ ग्राह्य राहत नाही. म्हणून खड्डे असतील तर परवानाधारक गनस्मिथकडून बोअर आणि भिंतीची जाडी मोजून घ्या. दमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या, नळ्या असतील तर मोजणी झाल्याशिवाय त्यातून काहीच उडवू नका. ओळखीचा लेथवाला किंवा फिटर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे शस्त्र परवाना नसेल तर बंदूक त्याच्या हाती देणे शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

साफ केल्यावर दहा-वीस फैरींतच तोच थर परत आला तर दोष साफसफाईचा नाही. आधी चेंबरची लांबी बघा. जुन्या बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंच, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटर असतात, आणि बाजारातली काडतुसे बहुधा ७० मिलिमीटरची. काडतुसावर छापलेली लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडलेली लांबी असते. म्हणून ७० चे न उडालेले काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते आणि माणसाला वाटते सगळे ठीक आहे. उडताना त्याचे तोंड फोर्सिंग कोनमध्ये उघडते, वाट आणखी अरुंद होते, दाब वाढतो आणि छर्रे तिथेच जास्त घासतात. शिसे ही त्याची सौम्य खूण झाली. दाब ही खरी चिंता. उडालेल्या काडतुसाचे तोंड फाटलेले, विस्कटलेले किंवा ताणलेले दिसते का ते पाहा. दिसले तर ती काडतुसे त्या बंदुकीत पुन्हा घालू नका. चेंबर बरोबर असूनही शिसे येत असेल तर फोर्सिंग कोनवर यंत्राच्या जुन्या रेघा राहिलेल्या असू शकतात. गनस्मिथ तेवढा भाग होन नावाच्या बारीक घासणाऱ्या गोल हत्याराने गुळगुळीत करू शकतो. हे घरी करायचे काम नाही. कठीण छऱ्यांची, प्लास्टिकच्या पेल्याची काडतुसे मिळत असतील तर नुसत्या बदलानेही बराच फरक पडतो.

ट्रॅप आणि स्कीट (उडत्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी) खेळणाऱ्यांची अडचण उलटी. २४ ग्रॅमची काडतुसे दिवसाला शंभर-दोनशे उडतात, त्यात प्लास्टिक जास्त, शिसे कमी, आणि प्लास्टिकच्या थराखाली शिसे लपते. तिथे आधी सुट्या नळ्यांतून कडकडीत गरम पाणी घालून प्लास्टिक मऊ करा, ब्रशने साल काढा, नळी पूर्ण वाळवा, मग वरचे सगळे.

कामाची जागा स्वयंपाकघराबाहेरची, वारा असलेली, आणि मुले जवळ नकोत. नळीत तोंडाने फुंकर मारायची सवय अनेकांना असते, ती आजच सोडा. चिंध्या आणि घासण्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला, चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका, कारण शिसे धुरात जाते. वापरलेले तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतायचे नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू, चहा काही नको, आणि त्या कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

शेवटी तेलाची एक चिंधी, पातळ थर. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी फिरवून बघा: तांबूस आली तर ओल राहिली होती, करडी आली तर एक फेरा बाकी आहे. बंदूक तोंड खाली करून ठेवा, म्हणजे नळीतले तेल दस्त्याच्या लाकडात उतरून ते कुजवणार नाही. उडवण्याआधी ते तेल पुसून काढा आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा. तांब्याचा किंवा स्टील वूलचा एखादा गुंता चोकपाशी राहिलेला असतो, आणि तो फक्त तिथेच, उजेडात दिसतो.